गाळलेल्या जागा भरताना

(प्रस्तावना)

७, __, __, २२. मधल्या दोन जागा भरा.

पाचवी-सहावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की बरीच मुले एकाच वाटेने जातात. बावीसातून सात गेले, उरले पंधरा. रिकाम्या जागा दोन, म्हणून पंधराला दोनने भागायचे, आले साडेसात. सातात साडेसात मिळवले, साडेचौदा झाले. त्यात पुन्हा साडेसात मिळवले, बावीस झाले. ते बावीस दुसऱ्या रिकाम्या जागेत लिहून होते आणि मग दिसते की शेजारी एक बावीस आधीच छापलेले आहे. काही मुले तिथे थांबून पुन्हा मोजतात. काही मुले दोन्ही बावीस तसेच ठेवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

हे पुस्तक त्या दुसऱ्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी त्याहून जास्त. या मुलांना वजाबाकी येते, भागाकारही येतो. त्यांची गल्लत मोजण्यात झालेली असते. त्यांनी जागा मोजल्या, मोजायच्या होत्या उड्या. सातापासून बावीसापर्यंत जाताना मध्ये दोन थांबे लागतात, पण उड्या तीन माराव्या लागतात. पंधराला तीनने भागले की पाच येतात आणि ७, १२, १७, २२ अशी मालिका नीट उभी राहते. थांब्यांपेक्षा उड्या एकने जास्त, आणि दोन्ही टोके धरून मोजली तर पदांपेक्षा उड्या एकने कमी. एवढे एक वाक्य ज्याच्या अंगवळणी पडले त्याला या पुस्तकातली निम्मी उदाहरणे सोपी जातील. म्हणूनच पहिले प्रकरण नुसत्या उड्या मोजण्याचे आहे. त्यात बेरीज-वजाबाकीसुद्धा फारशी नाही. शिक्षकांनी ते घाईने उरकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे पुस्तक लखनौमध्ये लिहून झाले, त्यामुळे उदाहरणांत हे शहर अधूनमधून डोकावते. इथल्या मेट्रोचा उत्तर-दक्षिण मार्ग चौधरी चरणसिंह विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत जातो. त्यावर २१ स्थानके आहेत आणि लांबी सुमारे २३ किलोमीटर आहे. एकवीस स्थानके म्हणजे वीस अंतरे. तेवीसला वीसने भागले की सरासरी अंतर १.१५ किलोमीटर येते. या आकड्यावरून सातवे स्थानक विमानतळापासून किती लांब असेल? सहा अंतरे गुणिले १.१५, म्हणजे ६.९ किलोमीटर, असे उत्तर वहीत लिहिता येईल. प्रत्यक्षात स्थानके अशी समान अंतरावर नाहीत. कुठे वस्ती दाट, कुठे चौक, कुठे रेल्वेचे मोठे स्थानक, त्याप्रमाणे ती जवळ-दूर बांधलेली आहेत. गणितात काही चुकले नाही, पण ज्या गृहीतकावर ते उभे होते ते इथे लागू पडत नाही. रिकामी जागा भरण्यापूर्वी 'उड्या सारख्या आहेत' असे कोणीतरी सांगितलेले असावे लागते, किंवा आपण ते तपासलेले असावे लागते.

महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीमुळे संख्यामालिका घरोघरी ओळखीची झाली आहे. प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल, हे मुले भराभर सांगतात. तो सराव चांगलाच आहे. पण त्यातून एक चुकीची समजूतही रुजते: दिलेल्या चार संख्या पाहिल्या की पाचवी ठरलेलीच असते. १, २, ४, ८, १६ यानंतर बहुतेक जण ३२ म्हणतील. आता वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजा. एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६ आणि सहा बिंदूंना ३१. बत्तीस नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी मोठ्या कागदावर आकृती काढून मोजून पाहावे. दिलेल्या संख्या नियम सुचवतात, पण तो सिद्ध करत नाहीत. या पुस्तकातल्या बहुतेक प्रश्नांच्या डोक्यावर म्हणूनच 'समान फरकाची मालिका' असे स्पष्ट छापले आहे. जिथे तसे छापलेले नाही तिथे आधी मालिका सरळ आहे का ते तपासायचे आहे, आणि तपासायला तीन संख्या लागतात. दोन संख्यांवरून सरळ मालिका ठरते. ती खरोखर सरळ आहे का याची साक्ष तिसरी संख्या देते.

सरळ मालिकेचा हा विषय आपल्याकडे किती जुना आहे आणि किती बारकाईने हाताळला गेला आहे, हे मला लखनौमुळे नीट कळले. लखनौ विद्यापीठाच्या गणित आणि खगोल विभागात अवधेश नारायण सिंह होते. त्यांनी विभूतिभूषण दत्त यांच्यासह 'हिस्टरी ऑफ हिंदू मॅथेमॅटिक्स' हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९३५ मध्ये आणि दुसरा १९३८ मध्ये लाहोरहून निघाला. दत्तांनी पुढे संन्यास घेतला, ते स्वामी विद्यारण्य झाले आणि १९५८ मध्ये पुष्करला वारले. सिंह त्याआधीच, १९५४ मध्ये गेले. तिसरा भाग हस्तलिखितातच राहिला. सिंहांच्या हाताखाली काम केलेल्या कृपाशंकर शुक्लांनी तो पुढे तपासून, सुधारून 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स'मध्ये १९८० ते १९९३ या काळात लेखांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यातला एक लेख भारतातल्या श्रेढींवरच, म्हणजे मालिकांवरच आहे. गुरूने अर्धवट टाकलेले काम इतक्या वर्षांनी, इतक्या निष्ठेने कोणी तडीस नेले याचे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा आणखी एक धागा या शहरात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात निघाला. त्याचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेश सरकारने १९५० च्या दशकात लखनौहून छापला. कोकणातल्या मुरूडच्या, पुण्यात शिक्षकी केलेल्या माणसाचे संशोधन उत्तरेतल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले ते या शहरातून.

शुक्लांच्या कामातला आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे श्रीधराचार्यांचे 'पाटीगणित'. श्रीधराचा काळ आठव्या ते दहाव्या शतकादरम्यान धरतात. शुक्लांनी हा ग्रंथ जुन्या संस्कृत टीकेसह संपादित केला, इंग्रजी अनुवाद जोडला आणि १९५९ मध्ये लखनौ विद्यापीठाने तो छापला. त्यातला श्रेढीव्यवहार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका गोष्टीने थक्क झालो. श्रीधर मालिकेची आकृती काढतो. तो म्हणतो, मातीचा शराव जसा बुडाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असतो तसे श्रेढीचे क्षेत्र असते. लखनौच्या चहाच्या टपरीवरचा कुल्हड हातात धरला की त्याला काय म्हणायचे आहे ते तत्काळ कळते.

ही आकृती वहीच्या चौकटीच्या कागदावर काढून पाहण्यासारखी आहे. पहिले पद ४, प्रत्येक वेळी वाढ ५, पदे १५ अशी मालिका घ्या: ४, ९, १४, १९ आणि पुढे. श्रीधराच्या रीतीने बुडाची रुंदी म्हणजे पहिल्या पदातून निम्मी वाढ वजा, ४ वजा अडीच, म्हणजे दीड. उंची म्हणजे पदांची संख्या, १५. प्रत्येक एक एकक उंचीला रुंदी पाचने वाढते, म्हणून तोंडाची रुंदी दीड अधिक पंच्याहत्तर, साडेशहात्तर. आता खालून पहिला एक एकक उंचीचा पट्टा पाहा. त्याची खालची बाजू १.५, वरची ६.५, सरासरी ४. क्षेत्रफळ ४, म्हणजे नेमके पहिले पद. दुसरा पट्टा ६.५ पासून ११.५ पर्यंत, सरासरी ९. दुसरे पद. प्रत्येक पट्ट्याचे क्षेत्रफळ त्या त्या क्रमांकाचे पद होते आणि सगळ्या समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ सगळ्या पदांची बेरीज: दीड अधिक साडेशहात्तर, म्हणजे ७८, त्याचे निम्मे ३९, गुणिले १५, म्हणजे ५८५. मधला एखादा पट्टा खोडून टाकला तरी दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेषा तो पट्टा किती रुंद होता हे सांगत राहतात. गाळलेले पद शोधणे म्हणजे काय, हे दाखवायला याहून चांगले चित्र मला सापडलेले नाही. तिसऱ्या प्रकरणात मी ते जसेच्या तसे उचलले आहे.

श्रीधर इथेच थांबत नाही. पहिले पद वाढीच्या निम्म्याहून लहान असेल तर बुडाची रुंदी ऋण येईल. १, ६, ११ ही मालिका घ्या. बूड येते उणे दीड. मग दोन्ही बाजू बुडाच्या थोड्या वर एकमेकींना छेदतात आणि आकृतीचे दोन त्रिकोण होतात, खाली एक लहान उलटा, वर एक मोठा. छेद ०.३ उंचीवर पडतो. खालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ०.२२५. पहिल्या पट्ट्यातला वरच्या त्रिकोणाचा भाग १.२२५. दुसऱ्यातून पहिला वजा केला की १ उरतो, म्हणजे पुन्हा पहिले पद. ऋण रुंदी म्हटल्यावर घाबरून जाणाऱ्या आपल्या नववीच्या मुलांना हे उदाहरण जरूर दाखवावे. हजार वर्षांपूर्वीच्या शिक्षकाने ती अडचण टाळली नव्हती, वर्गासमोर मांडली होती.

४, ९, १४ ची ही मालिका मी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तून घेतली आहे. पंधरवड्यात रोज पाच द्रम्म वाढवत दान देणाऱ्या माणसाचा तो प्रश्न. लीलावती ११५० च्या सुमाराची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले, हे सांगणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. लीलावतीच्या श्रेढीव्यवहारात चार गोष्टी खेळतात: आदि म्हणजे पहिले पद, चय म्हणजे दरवेळची वाढ, गच्छ म्हणजे पदांची संख्या आणि सर्वधन म्हणजे बेरीज. भास्कराचार्य आळीपाळीने यांतली एकेक गोष्ट लपवतात आणि उरलेल्या तिन्हींवरून ती शोधायला सांगतात. प्रश्न कसा घडवावा याचा हा वस्तुपाठ आहे. आपण बहुधा एकच प्रकार दहादा गिरवून घेतो. त्यांनी एकाच मालिकेला चार बाजूंनी हात लावला.

यात सर्वांत कामाची आहे ती मध्यधनाची कल्पना. बेरजेला पदांच्या संख्येने भागले की मधले पद मिळते. सात पदांची बेरीज १०५ आणि वाढ ३ असेल तर पहिले पद किती? १०५ भागिले ७, म्हणजे १५. सातांतले मधले पद चौथे. चौथ्यापासून पहिल्यापर्यंत मागे तीन उड्या, प्रत्येकी तीनची. पंधरातून नऊ गेले, उरले ६. सूत्र पाठ नसले तरी पाचवीचे मूल हे करू शकते. पदांची संख्या सम असेल तर मधले पद दोन पदांच्या मध्ये कुठेतरी असते. पहिले पद ७, वाढ ५ आणि पदे ८ असतील तर मध्यधन साडेचोवीस येते, बेरीज १९६. जे पद मालिकेत कधीच येत नाही त्याचा आधार घेऊन बेरीज काढायची, ही गोष्ट मुलांना आधी खटकते. ती खटकू द्यावी आणि मग चौथे-पाचवे पद, २२ आणि २७, लिहून दाखवावे.

लीलावतीतले दुसरे उदाहरण शत्रूचे हत्ती हस्तगत करायला निघालेल्या एका राजाचे. पहिल्या दिवशी दोन योजने चालला, रोज सारखीच वाढ करत सात दिवसांत ८० योजने तोडून शत्रूच्या नगरात पोचला. रोजची वाढ किती? मधला, म्हणजे चौथा दिवस: ८० भागिले ७, अकरा पूर्णांक तीन सप्तमांश. दोनपासून तिथपर्यंत तीन उड्या. नऊ पूर्णांक तीन सप्तमांशाला तीनने भागले की तीन पूर्णांक एक सप्तमांश. उत्तर अपूर्णांकात आले म्हणून मुले हे उदाहरण चुकले असे समजतात. पाठ्यपुस्तकांनी उत्तरे गोलमटोल ठेवण्याची जी सवय लावली आहे तिचा हा परिणाम. या पुस्तकात मी जाणूनबुजून अशी उदाहरणे ठेवली आहेत.

आणि गच्छ लपवला की प्रश्नाची जातच बदलते. पहिल्या दिवशी ३ द्रम्म, रोज २ वाढवत एकूण ३६० दिले. किती दिवस लागले? दिवसांची संख्या आणि तिच्यात दोन मिळवून येणारी संख्या यांचा गुणाकार ३६० व्हायला हवा. दोन्ही बाजूंना एक मिळवला की ३६१ होतात, १९ चा वर्ग. म्हणून दिवस १८. मालिका सरळ, पण तिची बेरीज वर्गाच्या घरात जाते. दहावीच्या 'अंकगणिती श्रेढी' या प्रकरणाआधी वर्गसमीकरणे का येतात, ते इथे उमजते.

रिकामी जागा दाखवायची कशी, याचाही आपल्याकडे इतिहास आहे. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी जमिनीत भूर्जपत्रांवरचे एक गणिताचे हस्तलिखित सापडले. आज ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात श्रेढीची उदाहरणे मांडताना आदि, उत्तर (म्हणजे चय) आणि पद (म्हणजे गच्छ) यांची आद्याक्षरे लिहून प्रत्येकापुढे त्याचा आकडा ठेवतात. जे माहीत नाही त्याच्यापुढे एक टिंब असते. दत्तांनी या हस्तलिखितावर बारकाईने लिहिले आहे. तेच टिंब शून्य म्हणूनही वापरलेले आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या आडव्या रेघेचा आणि प्रश्नचिन्हाचा हा किती जुना पूर्वज!

आता सरळ मालिकेच्या मर्यादेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सहावे प्रकरण त्याच विषयाचे आहे आणि ते कठीण आहे. आर्यभटाची 'ज्यां'ची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची, सारणी २२५ कलांच्या टप्प्यांनी जाते. पहिल्या ज्या २२५, ४४९, ६७१. शेवटच्या ३४०९, ३४३१, ३४३८. मधल्या कोनाची ज्या हवी असेल तर सर्वांत साधा उपाय म्हणजे दोन शेजारच्या किमतींमध्ये सरळ वाढ धरणे. ३०० कलांची, म्हणजे ५ अंशांची ज्या काढू. २२५ कलांना ज्या २२५, ४५० कलांना ४४९, फरक २२४. आपण टप्प्याचा एक तृतीयांश पुढे आलो, म्हणून २२५ अधिक पाऊणशेहून किंचित कमी: २९९.६७. अचूक उत्तर २९९.६४ आहे. एवढा फरक कोणाच्याही ध्यानात येणार नाही. आता सारणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, शेवटच्या टप्प्याच्या बरोबर मध्ये. ३४३१ आणि ३४३८ यांची सरासरी ३४३४.५. अचूक उत्तर ३४३६.१६. इथे दीडाहून जास्त फरक पडला, तोही सगळा टप्पा अवघ्या सातांचा असताना. सुरुवातीला ज्या जवळजवळ सरळ वाढते, शेवटी ती वाकते, आणि वाकलेल्या जागी सरळ पट्टी ठेवली की अंतर पडते.

सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने यावर उपाय दिला. नुसता चालू टप्प्याचा फरक न घेता मागच्या टप्प्याचा फरकही विचारात घ्यायचा. मागचा फरक २२, चालू ७. त्यांची सरासरी १४.५. अर्धा टप्पा पुढे आलो आहोत, म्हणून त्यातून दोन फरकांच्या अंतराच्या निम्म्याचा अर्धा, म्हणजे ३.७५ वजा. उरलेल्या १०.७५ चा अर्धा ३४३१ मध्ये मिळवला की ३४३६.४ येते. चूक दीडाहून पावपर्यंत खाली आली. त्याच शतकातल्या पहिल्या भास्कराने 'महाभास्करीया'त सारणीला हातच न लावता ज्या काढण्याचे एक सूत्र दिले आहे. हा ग्रंथही शुक्लांनीच संपादून १९६० मध्ये लखनौहून प्रसिद्ध केला. ते सूत्र इथे लावले तर ३४३६.१ येते, जवळजवळ अचूक. पण तेच सूत्र ५ अंशांना लावले तर ३०३.७ येते आणि तिथे आपली साधी सरळ वाढ त्याला सहज मागे टाकते. कोणत्या जागी कोणते साधन वापरायचे याचा निर्णय करायला मुलांना या दोन टोकांवर शिकवता येते. मी स्वतः शिकवताना आधी दोन्ही टोकांची उत्तरे काढायला लावतो आणि मगच अचूक उत्तर सांगतो.

लखनौमध्ये सरळ मालिकेचा आणखी एक वापर रोज कानावर पडतो, आणि तो एका मराठी माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज कैसरबागेत ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. श्रीकृष्ण रातंजनकरांनी तिथे दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळले. नवशिक्या विद्यार्थ्याचा गळा पलट्यांवर तयार होतो: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां. सा पासून वरच्या सांपर्यंत १ ते ८ आकडे दिले तर हेच १२३, २३४, ३४५ होते. मधला एक गट गाळला तर कोणतेही मूल तो भरून काढते, गाऊनच भरून काढते. आठ स्वर, तीन-तीनचे गट, तरी गट सहाच होतात. चार-चारचे केले तर पाच. पहिल्या प्रकरणातले उड्यांचे मोजमाप इथे पुन्हा भेटते. ज्या घरात गाणे आहे त्या घरातल्या मुलांना मी ते पेटीवर शिकवावे असे सुचवीन.

मात्र पेटीवर एक गोष्ट तपासून पाहावी. स्वरांचे क्रमांक सरळ मालिकेत असले तरी स्वरांमधली अंतरे सारखी नसतात. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत शुद्ध स्वर लिहिले तर सा ०, रे २, ग ४, म ५, प ७ असे आकडे येतात. पहिल्या तीन आकड्यांवरून चौथा सांगायला लावला तर मूल ६ म्हणेल. पेटीवर ६ वाजवले की शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम वाजतो आणि बिलावलाची वाट सोडून आपण कल्याणाच्या वाटेला लागतो. सरळ मालिका पुढे नेली, उत्तर सुरेल आले, पण विचारलेला स्वर तो नव्हता. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी हे उदाहरण आहे.

पुन्हा एकदा पाटीगणिताकडे वळतो, कारण त्या ग्रंथाची आजची अवस्था आपल्या विषयाशी निगडित आहे. ग्रंथारंभी श्रीधर सांगतो की आपण २९ परिकर्मे आणि ९ व्यवहार सांगणार आहोत. व्यवहारांची यादीही तो देतो: मिश्रक, श्रेढी, क्षेत्र, खात, चिती, क्राकचिक, राशी, छाया आणि शून्यतत्त्व. शुक्लांच्या हाती आलेले हस्तलिखित क्षेत्रव्यवहाराच्या मध्येच तुटते. पुढचे खड्ड्यांचे, विटांच्या राशींचे, लाकूड कापण्याचे, धान्याच्या ढिगांचे, सावलीचे गणित गेले. शून्यतत्त्वावर श्रीधराने काय लिहिले होते तेही गेले. यादी असल्यामुळे किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यांची नावे काय, हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. काही विषयांत त्याच्या 'त्रिशतिका' या लहान ग्रंथावरून आणि इतर गणितींच्या ग्रंथांवरून अंदाज बांधता येतो. पण दोन पदांवरून तिसरे काढावे तशी ही जागा भरता येत नाही. शुक्लांनी ती भरायचा प्रयत्नही केला नाही. ग्रंथ जिथे तुटतो तिथेच त्यांनी तो तुटलेला छापला. संपादकाचे हे भान मला फार मोलाचे वाटते, आणि मुलांना सांगण्यासारखेही.

आता पुस्तकाच्या वापराविषयी. प्रकरणे क्रमाने घ्यावीत. पहिल्या दोन प्रकरणांत सूत्र नाही; सूत्र तिसऱ्यात, आकृतीनंतर येते. उतरत्या मालिका दुसऱ्या प्रकरणापासूनच मिसळलेल्या आहेत, कारण ५०, __, __, __, २२ यात चार उड्या आहेत आणि प्रत्येक उडीला सात कमी होतात, हे समजायला वेगळ्या धड्याची गरज नाही. चौथ्या प्रकरणात टोकांच्या जागा रिकाम्या आहेत: __, __, १९, __, ३१. आधी माहीत असलेल्या दोन पदांमधल्या उड्या मोजायच्या, एका उडीची किंमत काढायची आणि मग दोन्ही दिशांना चालत जायचे. पाचवे पद २३ आणि बारावे ५८ असे सांगितले तरी रीत तीच. सात उड्यांना पस्तीस, एकीला पाच, पहिले पद तीन. पाचवे प्रकरण लीलावतीच्या चार प्रश्नांचे आहे. उत्तरे शेवटी दिली आहेत, पण ती पाहण्याआधी मुलाने सापडलेली संख्या मालिकेत घालून डावीकडून उजवीकडे सगळे फरक एकदा काढून पाहावेत. फरक सारखे आले तर उत्तरांचे पान उघडायची गरजच पडत नाही.